‘मोठ्या घोड्यांसाठी खास’ ट्रेलर: बुकिंग रद्द करण्याबाबत आणि मिळालेल्या वागणुकीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व ग्राहक सेवा

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवर जे बोलणं झालं ते शेवटचं. यापुढे जे काही असेल ते लेखी. मॉडेल कुठलं ते तुम्हाला सांगायला नको. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये ‘एक्स्ट्रा लार्ज’ म्हणून तुम्ही एकच विकता, आणि त्याच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘मोठ्या घोड्यांसाठी खास’ असं ठळक छापलंय.

माझा घोडा १७ हँड २ इंच, म्हणजे मानेच्या मुळाशी ७० इंच उंच आणि वजनाने ७२० किलो आहे. घोडी थोडी लहान, ६५० किलोची. हे आकडे मी बुकिंगच्या फॉर्मवर लिहून दिले होते. तुमच्या माणसाने त्याखाली ‘फिट’ असा शेरा मारून सही केली आहे. फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे.

माहितीपत्रकात आतली उंची ८९ इंच दिली आहे. तुमच्याच आवारात उभ्या असलेल्या ट्रेलरला मी टेप लावली. ८९ इंच भरले खरे, पण छताच्या कमानीच्या मधोमध आणि तेही रबर मॅट उचलून. मॅट टाकून सगळ्यात खालच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजलं तर ८५. आणि मागच्या दाराची वरची चौकट फक्त ८१ इंचांवर! घोड्याला आत जायचं ते त्या दारातूनच ना? मग दाराची उंची माहितीपत्रकात का नाही?

घोडा सोबत नेला होता, कारण ट्रेलर घोडा चढवून बघितल्याशिवाय घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. रॅम्पवर पुढचे दोन पाय ठेवले की मोठा घोडा क्षणभर थांबतो, मान उंच करतो आणि आत बघतो. तसाच तो थांबला. कान टवकारलेले, टाळू ७ फुटांच्या वर. पुढचं पाऊल टाकताना चौकटीची पत्र्याची कड त्याच्या कानांमागे लागली. तो झटक्यात मागे आला, मोतद्दाराच्या हातातून दोर सुटला. कानांमागची कातडी खरवडली होती आणि आयाळीच्या मुळाशी रक्त आलं होतं. जखम बरी झाली. पण जुन्या ट्रेलरमध्ये जो आपणहून चढायचा, तो आता रॅम्प दिसला की पाय रोवून उभा राहतो. ही भीती घालवायला किती काळ जातो ते तुमच्याकडे घोडा पाळणारा कोणी असेल तर त्याला विचारा. तुमच्या विक्रेत्याचं यावर म्हणणं काय, तर “जनावर आहे, वाकेल. सवय होते.”

लांबीचंही तेच. घोड्याची खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची, म्हणजे मागच्या टोकापर्यंतची लांबी साधारण त्याच्या उंचीएवढी असते. म्हणजे माझ्या घोड्याला ७० इंच हवेत, वर हलायला थोडी जागा. तुमच्या ट्रेलरमध्ये छातीचा दांडा आणि मागचा दांडा यांत ६९ इंच आहेत, आणि छातीचा दांडा पुढे सरकवायची सोयच नाही. ब्रेक लागला की घोडा पाय फाकवून, वजन मागेपुढे करून तोल सांभाळतो. इथे तो दोन दांड्यांमध्ये चेपलेला, आणि मधलं पार्टिशन थेट जमिनीपर्यंत आणल्यामुळे पाय फाकवायलाही जागा नाही. छातीच्या दांड्यापुढे गवताची पत्र्याची पेटी बसवली आहे, त्यामुळे मान खाली नेता येत नाही. नाकातली धूळ आणि शेंबूड बाहेर टाकायला घोड्याला डोकं खाली न्यावंच लागतं. लांबच्या प्रवासात तासन् तास डोकं वर राहिलं तर फुप्फुसाला संसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि तो घोड्याच्या जिवावर बेततो. कोणत्याही पशुवैद्याला विचारा. घोड्यांचे ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीला हे मी सांगावं लागतं, याचा मला खरोखर त्रास होतो.

आता आजचा फोन.

ट्रेलरच्या प्लेटवर एकूण मान्य वजन २६०० किलो आणि रिकाम्या ट्रेलरचं १२८० किलो लिहिलं आहे. घोड्यांसाठी उरले १३२०. माझे दोघे मिळून १३७०. खोगीरं, गवताच्या पेंढ्या आणि ४० लिटर पाणी अजून चढवलेलंच नाही. मी एवढंच विचारलं, की हा हिशेब चुकतो का, आणि चुकत नसेल तर हा ट्रेलर दोन मोठ्या घोड्यांसाठी म्हणून कसा विकता?

मला होल्डवर ठेवलं. बराच वेळ संगीत. मग उत्तर आलं, “मॅडम, गाडी मोठी घ्या. ओढायची ताकद वाढते.”

मी म्हटलं, “ओढणारी गाडी कितीही मोठी घेतली तरी ट्रेलरचे ॲक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहणार. प्लेटवरचं वजन त्यांचं आहे.”

“मॅडम, आमच्या दुसऱ्या कुठल्याच ग्राहकाने असं विचारलेलं नाही.”

“मी विचारतेय. घोडे भरल्यावर हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर किती वजन यायला हवं, तेवढं तरी सांगा.”

“ते टेक्निकलवाले सांगतील.”

“मग त्यांना द्या.”

“ते ग्राहकांशी थेट बोलत नाहीत.” आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, “मॅडम, असं करा ना, घरात कोणी गाडीतलं कळणारं असेल तर त्यांना फोन द्या. मी त्यांना नीट समजावतो.”

घरात गाडीतलं कळणारं कोणी असेल तर! घोडे माझे, बुकिंग माझ्या नावावर, फॉर्मवर सही माझी. ट्रेलर जोडते मी, रिव्हर्स घेते मी, निघण्याआधी चाकांचे नट आणि टायरची हवा तपासते मी. नवऱ्याच्या हातात फोन दिला असता तर त्याने तो परत माझ्याच हातात दिला असता. आणि समजावणार काय होते? हिचवर एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार असावा लागतो, तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलायला लागतो, हे मला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते तुमच्या माणसाला. अज्ञानाचा मला राग नाही, कोणी सगळं शिकून येत नाही. पण स्वतःला उत्तर येत नाही म्हणून विचारणाऱ्या बाईला अडाणी ठरवायचं, हे मी ऐकून घेणार नाही. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

मधल्या काळात सुचवलेला ‘पर्याय’ही नोंदवून ठेवते: फरकाची रक्कम भरून तिरप्या कप्प्यांचं, म्हणजे घोडे तिरके उभे राहतात ते मॉडेल घ्या म्हणे. तिरप्या कप्प्यात घोड्याला मिळणारी लांबी ट्रेलरच्या रुंदीवर अवलंबून असते. मध्यम घोड्यांना ते ठीक आहे, मोठ्या घोड्याचं नाक एका भिंतीला आणि पुठ्ठा दुसऱ्या भिंतीला टेकतो. आधीच तोकडा असलेला ट्रेलर बदलून त्याहून तोकडा, आणि वर पैसे.

माझा जुना ट्रेलर तुमच्याच कंपनीचा आहे. जाड लाकडी फळ्यांची जमीन, बाहेरूनही सोडता येणारा छातीचा दांडा, उघडझाप करता येणाऱ्या छताच्या खिडक्या. तो बनवणाऱ्याने घोडा जवळून बघितला होता. तो आता थकलाय, म्हणून दुसरीकडे न बघता मी तुमच्याकडे आले. माझ्या शब्दावर कितीतरी जणांनी तुमचे ट्रेलर घेतले. त्यांना आता मी काय सांगू?

मला हवं ते असं. बुकिंगची पूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता परत करा. ‘ग्राहकाने स्वतः रद्द केल्यामुळे’ कापली जाणारी रक्कम मला लागू नाही, कारण ‘फिट’ हा शेरा तुमचा आहे. घोड्याच्या जखमेवर झालेला पशुवैद्याचा खर्च द्या, बिल सोबत जोडलं आहे. माहितीपत्रकात दाराची उंची, दोन दांड्यांमधलं अंतर आणि घोड्यांसाठी उरणारं वजन छापा, आणि ते छापेपर्यंत ‘मोठ्या घोड्यांसाठी खास’ हे शब्द काढून टाका. दाराची चौकट ८१ इंचांवर आहे. हे मी परत लिहितेय, कारण फोनवर प्रत्येक वेळी “नोंद घेतली” म्हणाले आणि पुढच्या फोनला नोंद सापडली नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर फॉर्मची प्रत, टेप लावलेले फोटो आणि वजनाच्या प्लेटचा फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. उत्तर तुमच्या टेक्निकल विभागातल्या, सही करायला तयार असलेल्या माणसाकडून यावं. ते माझ्या नावाने पाठवा.

आपली ग्राहक

सोबत: बुकिंग फॉर्मची प्रत, मोजमापाचे व वजनाच्या प्लेटचे फोटो, पशुवैद्याचं बिल