बाबांच्या सतराशे साठ शंका आणि आमची समुद्राची ट्रिप

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारच्या कॉलवर निम्मा वेळ चिनूच्या आरडाओरड्यात गेला, उरलेल्यात बाबा मायलेज विचारत राहिले आणि आई मागून "संडास आणि ओटा एकाच खोलीत? शी!" म्हणत राहिली, म्हणून म्हटलं, तुम्ही इथे अमेरिकेत, ऑरेगनला आलात की आपण समुद्राला जायचंय, त्याचं आता सगळं लिहूनच काढावं. बाबा प्रिंट काढून, चष्मा लावून, पेनाने खुणा करत वाचणार हे मला माहितीये, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय.

आधी बाबांचं. गाडीला इथे आरव्ही म्हणतात, म्हणजे चाकांवरचं घर, आपण भाड्याने घेतोय ती साधारण 25 फुटी, म्हणजे तुमच्या बसपेक्षा बरीच आखूड. दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात कशी चेसी, म्हणजे इंजिन-चाकांचा नुसता सांगाडा, टाटाची नाहीतर लेलँडची यायची आणि वर बॉडी तुम्ही लोक बांधायचात, अगदी तसंच प्रकरण आहे हे. चेसी फोर्डची, ई-450, पुढची केबिन फोर्डचीच ठेवतात आणि मागे दुसरी कंपनी घराची बॉडी चढवते. पेट्रोल इंजिन, व्ही-8, 7.3 लिटरचं, गिअर ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलला चार टायर. मायलेज विचारलंत ना, तर मन घट्ट करा, लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर. लालपरी हसेल आपल्याला. पण अख्खी ट्रिप मिळून साडेतीनशे-चारशे किलोमीटरचीच आहे, म्हणजे शंभरेक लिटर पेट्रोल, त्याचा हिशोब तुम्ही करालच पण कृपा करून आईला रुपयांत सांगू नका.

आणि हो, चालवायला तुम्हाला मिळणार नाही. भाड्याच्या करारात ड्रायव्हर म्हणून माझं आणि तुमच्या जावयांचं एवढीच नावं लावलीयेत, इन्शुरन्स त्यावरच असतो, तेव्हा "जरा पार्किंगमध्ये एक राउंड" वगैरे पण नाही. लायसन्स आमचं रोजचं साधंच चालतं, ह्या साइझला वेगळं लागत नाही. तुम्हाला दुसरं काम ठेवलंय, ते पुढे सांगते.

आता आई, तुझं. संडास आणि ओटा एका खोलीत नाहीये, संडासाला वेगळं दार आहे, कडीसकट. खाली बंद टाकी असते, पायाने पेडल दाबलं की झडप उघडते आणि पाणी येतं, वास वर येऊ नये म्हणून टाकीत औषध घालतात. सिंकचं आणि अंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत जातं. आपण उतरणार त्या पहिल्या ठिकाणी आपल्या जागेवरच नळ, वीज आणि ड्रेनेज असं तिन्ही मिळतं, त्यामुळे टाक्या तिथेच रिकाम्या करता येतात. आधी संडासाची सोडायची, मग अंघोळीची, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. हातमोजे घालून हे सगळं जावई करणार आहेत, त्यांनी स्वतःहून घेतलंय हे काम, आपण कौतुक करायचं आणि लांब उभं राहायचं. आणि संडासातल्या कागदाची काळजी करू नकोस, पाण्याचा मग ठेवलाय. उलट टाकीत पाणी जास्त गेलेलं चांगलंच असतं, सुक्या कागदाचा ढीग झाला की ती तुंबते, म्हणजे ह्या बाबतीत आपली पद्धतच गाडीला मानवते.

अंघोळीला गरम पाण्याची टाकी मात्र लहान, 22-23 लिटरची. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग परत नळ. इथल्या लोकांना हे शिकवायला लागतं, तू आयुष्यभर एका बादलीत अंघोळ केलीयेस, तुला काय. नाहीतर कॅम्पग्राउंडवर, म्हणजे ह्या गाड्या मुक्कामाला लावतात तिथे, वेगळी बाथरूम्स असतात, तिथे भरपूर गरम पाणी येतं, पण तिथवर चालत जावं लागतं.

मी हॉटेल का नाही घेत असं आई परत परत विचारत होती ना. खरं कारण सांगू का. मागच्या वेळी आपण क्रेटर लेकला गेलो तेव्हा बाबा, तुमची पाण्याची बाटली संध्याकाळी घरी आलो तरी भरलेलीच होती. सकाळची बीपीची गोळी घेतली की तुम्हाला सारखं जावं लागतं, आणि दर अर्ध्या तासाला गाडी थांबवा म्हणायला तुम्हाला जड जातं, म्हणून तुम्ही पाणीच प्यायला नाहीत. विचारलं तर "तहान नाहीये गं". आणि आई, तू गुडघे आखडले तरी मागच्या सीटवर गप्प बसून होतीस, कारण चिनूला तुझ्या मांडीवर झोप लागली होती. तुम्ही दोघंही काही म्हणणार नाही हे मला पक्कं माहितीये, मग म्हणायलाच लागू नये अशी गाडी घ्यायची एवढाच माझा विचार. फक्त गाडी चालू असताना उठायचं नाही, सगळ्यांनी बेल्ट लावून बसायचं, पण कुठेही कडेला जागा दिसली की थांबता येतं, संडास दोन पावलांवर आणि लगेच गॅसवर चहा. आलं मी घरूनच किसून घेणार आहे.

झोपायचं असं. मागे बंद करता येणारी खोली आहे, तिथे तुम्ही दोघं. काही गाड्यांमध्ये पलंग कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतो आणि रात्री उठायचं तर एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं, मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी उतरता येणारा बघितलाय. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा असतो, शिडी लावून चढायचं, तिथे चिनू आणि त्याचा बाबा. मी जेवायचं टेबल खाली पाडून त्याचा पलंग होतो त्यावर. दारातल्या पायऱ्या जरा उंच आहेत, त्यासाठी दांडा असलेलं स्टूल घेतलंय.

स्वयंपाक तुला करायचाच आहे हे मी गृहीत धरलंय, भांडण नको. गॅस आहे, मायक्रोवेव्ह आहे, फ्रिज आहे. पण फोडणी आत द्यायची नाही! धुराचा अलार्म इतका कानठळ्या बसवणारा असतो की मोहरी तडतडायच्या आत शेजारचे लोक बाहेर येतील. बाहेर प्रत्येक जागेला लाकडी टेबल असतं, त्यावर छोटी शेगडी मांडू, फोडणी तिथे. शेकोटीसाठी लोखंडी कडंही असतं जमिनीत, सप्टेंबरमध्ये इथे कणसं छान मिळतात, वांगी पण त्यातच भाजू. लाकडं मात्र घरची न्यायची नाहीत, तिथलीच विकत घ्यायची. आमच्या शेजारच्या फॉरेस्ट ग्रोव्ह गावात 2022 मध्ये अ‍ॅश झाडं पोखरणारा एक परदेशी किडा सापडला, तो लाकडांतून पसरतो, म्हणून.

तारखा अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या आठवड्यातल्या, गुरुवारी निघून रविवारी परत. इथल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीची गर्दी ओसरते आणि किनाऱ्यावर तेव्हाच जरा ऊन पडतं, भर उन्हाळ्यात उलट धुकं असतं. आई म्हणाली पितृपक्ष लागतो. मी कालनिर्णय बघितलंय, आजोबांची तिथी दशमीची, आपण त्याच्या आधी घरी. बाकी आपण गाडी विकत घेत नाही, भाड्याने घेतोय, पितरांची हरकत नसावी.

रस्ता असा की घरून 26 नंबरच्या हायवेने डोंगर ओलांडून समुद्राकडे, मग 101 ने वर उत्तरेला फोर्ट स्टीव्हन्स, तिथे दोन रात्री. छोट्या गाडीने पावणेदोन तास लागतात, आपण अडीच धरू. हे ठिकाण मी निव्वळ बाबांसाठी निवडलंय. कोलंबिया नदी जिथे समुद्राला मिळते तिथला हा जुना लष्करी किल्ला, आणि 1942 च्या जूनमध्ये एका जपानी पाणबुडीने ह्याच्यावर तोफगोळे डागले होते, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर! फार काही नुकसान झालं नाही, किल्ल्यातल्या लोकांनी उलटा गोळीबारसुद्धा केला नाही, आपली जागा शत्रूला कळू नये म्हणून. शिवाय तिथल्याच वाळूत 1906 साली अडकलेल्या पीटर आयरडेल नावाच्या जहाजाचा सांगाडा आहे, पोलादी, गंजलेला, नुसत्या बरगड्या राहिल्यात. गाडी अगदी जवळ लावता येते, ओहोटीला हात लावण्याइतकं जाता येतं. बाबा तो ठोकून बघणार आणि वेल्डिंग की रिव्हेट ह्यावर अर्धा तास बोलणार हे मी आत्ताच सांगून ठेवते. संध्याकाळी तिथे एल्क दिसतात, सांबरापेक्षा दांडगे, चिनू दाखवेल, पण जवळ जायचं नाही.

मधल्या दिवशी शेजारचं अ‍ॅस्टोरिया. टेकडीवर 1926 चा एक उंच स्तंभ आहे, आत 164 पायऱ्या, वरून मुलं पूर्वी हलक्या लाकडाची विमानं सोडायची. चढणार मी आणि चिनू. तुम्ही खाली बाकावर बसा, खालूनसुद्धा नदी, पूल, समुद्र सगळं दिसतं.

शनिवारी 101 ने खाली कॅनन बीच. पाण्यातच 235 फूट उंच खडक उभा आहे, हेस्टॅक रॉक, फोटोत पाठवलेला तोच. बाबा, इथली एक गोष्ट तुमच्यातल्या युनियनवाल्याला आवडेल. 1966 मध्ये ह्याच गावात एका मोटेलवाल्याने समोरच्या वाळूवर आडोसा घालून "फक्त आमच्या गिऱ्हाइकांसाठी" करून टाकलं, लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी ऑरेगनने कायदा केला की कोरडी असो की ओली, किनाऱ्याची वाळू सगळ्यांना खुली. गव्हर्नर टॉम मकॉल स्वतः हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले होते त्या वेळी. म्हणून आजही इथे कुठेही उतरून चालत सुटा, हटकणारं कुणी नाही.

पण आई, नीट ऐक. हा समुद्र गणपतीपुळ्याचा नाही. पाणी बर्फासारखं गार, पाय बुडवले की ठणकतात, आणि मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढपर्यंत धावत येते, वाळूवर पडलेले मोठाले ओंडके उचलते. त्यामुळे समुद्राकडे पाठ करायची नाही, ओंडक्यावर बसून फोटो काढायचे नाहीत, आणि साडी सावरत पाण्यात जायचं तर अजिबातच नाही. दिवसा अठरा-वीस डिग्री असतं, रात्री दहाच्या खाली जातं, आणि वारा वेगळा. स्वेटर, कानटोपी, बाबांचे लोकरीचे मोजे, सगळं हँडबॅगेतच ठेव.

शेवटची रात्र टिलामुकच्या अलीकडे, काउंटीच्या कॅम्पग्राउंडवर. रविवारी टिलामुकला चीजचा मोठा कारखाना बघू, काचेमागून सगळं दिसतं, बाबांना पट्टे आणि मशिनी, चिनूला आइस्क्रीम, तुला बसायला जागा. मग 6 नंबरच्या रस्त्याने जंगलातून घरी. ह्या रस्त्यावर फोनला रेंज नसते, सांगलीच्या आत्याला आधीच सांगून ठेव नाहीतर ती घाबरेल. अ‍ॅस्टोरिया आणि टिलामुक दोन्हीकडे हॉस्पिटल आहे, तुमच्या व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद मी प्रिंट करून गाडीत ठेवतेय.

आता बाबांचं काम. एक, लेव्हल. ह्या गाडीतला फ्रिज कॉम्प्रेसरवर नाही, गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेच्या हीटरवर चालतो, गाडी तिरकी उभी राहिली तर तो नीट थंड करत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी टायरखाली ठोकळे सरकवून गाडी सपाट करायची असते. तुमची ती पिवळी स्पिरिट लेव्हल घेऊन या, पण चेक-इन बॅगेत टाका. ठोकळे जावई ठेवतील, वाकायचं तुम्ही नाही, नुसतं "अजून एक सूत" म्हणायचं. दोन, रिव्हर्स. मागे ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडची बॉडी, बराच आहे, वळताना शेपूट बाहेर जातं, आम्हाला दोघांना त्याची सवय नाही. तुम्ही मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं आणि बॉडीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, डेपोतल्यासारखंच. फक्त आरशात मला दिसाल असे उभे राहा आणि शिट्टी आणू नका, रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची असते.

गाडीच्या आतला व्हिडिओ आज पाठवते, मोठ्या स्क्रीनवर बघा. बाबा, डॉक्टरांना विचारून ठेवा, प्रवासाच्या दिवशी ती गोळी सकाळी घ्यायची की वेळ बदलायची, आणि ते काय म्हणतात ते मला खरं सांगा. आई, तुझा तीन लिटरचा कुकर आणणार असशील तर शिट्टी आणि रिंग वेगळी गुंडाळ, नाहीतर इथला माझा आहेच पण तो तुला आवडत नाही. मंगळवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते, तोवर ठरव.

तुमची,
बबडी

ता.क. चिनू विचारतोय, आजीला माळ्यावर झोपता येईल का. मी नाही सांगितलंय, तू हो म्हणू नकोस.