एडिंबरातील पुस्तकांच्या दुकानांची पायी सफर: ‘कमी चढाचा मार्ग’ म्हणून विकलेल्या सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मार्गाचे चुकीचे वर्णन, शुल्क परत मिळण्याबाबत आणि मार्ग दुरुस्त होईपर्यंत त्याची विक्री थांबवण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या ॲपवरून मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने एडिंबरातील पुस्तकांच्या दुकानांची पायी सफर विकत घेतली होती. मराठी निवेदनासह प्रत्येकी १८ पौंड. नोंदणी करताना ‘कमी चढ, पायऱ्या टाळा’ हा पर्याय आम्ही निवडला. शिवाय ‘विशेष सूचना’ या रकान्यात ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि ती काठी घेऊन चालते, हेही स्पष्ट लिहिले. तुमच्याकडून आलेल्या ईमेलमध्ये ‘सोपा, रमतगमत करण्याजोगा मार्ग, सव्वातीन किलोमीटर, चालण्याचा वेळ ४० मिनिटे’ असे म्हटले होते. प्रत्यक्षात मिळालेला मार्ग सोपा तर नव्हताच, पण पहिल्याच वळणावर तो अस्तित्वातही नव्हता.

फोनवर तक्रार केली तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने उत्तर दिले की एडिंबरा हे चढउताराचे शहर आहे हे सगळ्यांनाच माहीत असते. आम्हालाही ते माहीत होते. माहीत होते म्हणूनच कमी चढाचा पर्याय निवडला आणि त्याचे पैसे मोजले. ते उत्तर मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कृपया हे पत्र मार्ग आखणाऱ्या मंडळींपर्यंत पोहोचवा.

सफरीचा पहिला थांबा होता जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरचे स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय. तिथपर्यंत सगळे छान होते. पुढचा थांबा वेस्ट पोर्टवरची जुन्या पुस्तकांची दुकाने. ग्रंथालयातून बाहेर पडून आम्ही थोडे चाललो आणि ॲप म्हणाले, ‘इथे काउगेटवर वळा.’ वळायला रस्ताच नव्हता. समोर पुलाचा कठडा होता. कठड्यावरून वाकून पाहिले तर काउगेट दिसला, पण कित्येक मजले खाली. आमच्या पायाखालून एक मालाची व्हॅन गेली, तिचे छप्पर वरून दिसत होते. फोनवरची निळी रेघ मात्र कठड्यातून आरपार जाऊन त्या खालच्या रस्त्याला लागली होती. आम्ही पुढे सरकलो की आवाज यायचा, ‘मागे फिरा, काउगेटवर वळा.’ ताई कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, हे आपल्याला उडी मारायला सांगतंय का?” ती घाबरली होती. परक्या शहरात, पावसाची भुरभुर चालू असताना, नकाशावरचा विश्वास असा उडाला की काठीवर चालणाऱ्या माणसाचे काय होते, हे कृपया लक्षात घ्या.

चूक कुठे झाली असेल ते नंतर शांतपणे पाहिले. नकाशावर जॉर्ज द फोर्थ ब्रिज आणि काउगेट या दोन रेषा एकमेकींना छेदतात. तुमच्या प्रणालीने तिथे चौक धरला. काउगेटवरून वेस्ट पोर्टच्या अलीकडच्या ग्रासमार्केटकडे जाणे हे खरोखरच कमी चढाचे आहे, म्हणून ‘कमी चढ’ निवडल्याबरोबर तिने आम्हाला त्या रस्त्यावर टाकले. पण तिथे चौक नाही. वर पूल आहे आणि खाली रस्ता आहे. म्हणजे ज्या ग्राहकांना चढ झेपत नाही नेमके तेच या चुकीत सापडतात. बाकीच्यांना बहुधा दुसरा मार्ग मिळत असेल, त्यामुळे तुमच्याकडे तक्रारीही आल्या नसतील.

हे शहर असे का आहे, हे तुमच्याच मराठी निवेदनात फार सुंदर सांगितले आहे, आणि म्हणून जास्त वाईट वाटते. किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण दगड. हिमयुगात पश्चिमेकडून आलेला बर्फ त्या खडकाला अडला, दोन्ही बाजूंनी खोल खरवडत गेला आणि खडकाच्या मागे पूर्वेला उतरती सोंड शिल्लक राहिली. रॉयल माइल हा जुन्या शहराचा मुख्य रस्ता त्या सोंडेच्या पाठीवरून जातो. दक्षिणेच्या बाजूला जी घळ पडली तीत ग्रासमार्केट आणि काउगेट आहेत. वस्ती वाढली तेव्हा लोकांनी घळी ओलांडायला पूल बांधले. साउथ ब्रिज १७८८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही अंगांना इमारती इतक्या चिकटून उभ्या राहिल्या की आज काउगेटवरची एकच कमान उघडी दिसते. वर चालणाऱ्याला आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. जॉर्ज द फोर्थ ब्रिज १८३० च्या दशकातला. ग्रंथालयाची इमारतही खाली काउगेटपासून वर चढत येते आणि तिचे मुख्य दार पुलाच्या पातळीवर उघडते. तुमची निवेदिका हे सगळे कानात सांगत होती आणि तुमचा नकाशा त्याच वेळी आम्हाला कठड्यातून आत जायला सांगत होता. ज्याने संहिता लिहिली आणि ज्याने मार्ग आखला ते दोघे एकमेकांशी एकदाही बोलले नाहीत, असे मला वाटते.

शेवटी एका वाटसरूला विचारून आम्ही व्हिक्टोरिया स्ट्रीटने खाली उतरलो. वळत उतरणारा, घडीव दगडांचा, पावसाने ओला झालेला रस्ता. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार त्याच सांध्यावर तोलून धरावा लागतो. तुमच्या ॲपमध्ये चढाचा निदान पर्याय तरी आहे, उताराचा आणि दगडी रस्त्याचा उल्लेखच नाही. ताई दुकानांच्या भिंतींचा आधार घेत खाली आली. त्या रस्त्याची रंगीत दुकाने बघायला लोक लांबून येतात. तिने त्यांतले एकही पाहिले नाही, तिची नजर पायांखाली होती.

तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे निघून वेस्ट पोर्टला पोहोचलो तेव्हा दुकाने अजून उघडायची होती. जुन्या पुस्तकांची दुकाने सकाळी लवकर उघडत नाहीत, हे वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हा दोष लहान आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दुकाने उघडल्यावरचा तास मात्र संपूर्ण सफरीतला सर्वांत चांगला तास होता. आर्मचेअर बुक्समध्ये पुस्तके जमिनीपासून छतापर्यंत आहेत, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावे लागते. जवळच एडिंबरा बुक्स. अशा दुकानासाठी तुम्ही १० मिनिटे दिली आहेत. दहा मिनिटांत एक फळीही धड पाहून होत नाही. पुस्तकांच्या दुकानांची सफर विकायची तर दुकानातला वेळ हाच खरा माल आहे, चालणे त्याच्यासाठी असते.

तिथेच एका दुकानात मला बार्थोलोम्यू कंपनीचा जुना, कापडावर चिकटवलेला घडीचा नकाशा मिळाला. ही नकाशे छापणारी संस्था एडिंबराचीच. उंचीप्रमाणे रंगांचे थर देण्याची पद्धत तिने लोकप्रिय केली: सखल भाग हिरवा, मग फिकट पिवळसर, मग तपकिरी, जितके उंच तितका गडद. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात असे नकाशे मांडले होते. नकाशा उलगडला तर अक्षर न वाचताही कुठे चढावे लागेल हे कळत होते. ताईने चष्मा लावून बोट फिरवले आणि म्हणाली, “यांना कळलं होतं बघ, चालणाऱ्याला आधी काय विचारायचं असतं ते.” हेच मला तुम्हाला सांगायचे आहे. या शहरात अंतर ही दुय्यम माहिती आहे, उंची ही पहिली. तुम्ही पहिली माहिती वगळून दुसरी विकलीत.

तिसरा थांबा साउथ ब्रिजवरचे ब्लॅकवेल्स. जेम्स थिन यांनी १८४८ मध्ये सुरू केलेल्या पुस्तकविक्रीची परंपरा पुढे चालवणारे दुकान, ताईला ते फार बघायचे होते. तुमच्या ॲपने आम्हाला ग्रासमार्केटवरून काउगेटने पुढे नेले आणि कमानीजवळ पोहोचल्यावर जाहीर केले की आपण पोहोचलो. मराठी निवेदनही सुरू झाले, ‘तुमच्या समोर आहे…’ समोर ओली दगडी भिंत होती. दुकानाचे दार वरच्या रस्त्यावर होते. उपग्रहाच्या साहाय्याने फोनला आपली जागा आडव्या पातळीवर बऱ्यापैकी कळते, उंची तितकी नेमकी कळत नाही, आणि अशा अरुंद घळीत उंच भिंतींवरून संकेत परावर्तित होऊन आणखी गोंधळ होतो. हे मी तुम्हाला सांगण्याची गरज पडू नये. वर जायला गथ्री स्ट्रीटचा वळणाचा चढ होता. ताई तो चढली नाही. आम्ही टॅक्सी केली आणि घरी, भाचीकडे गेलो. चौथा थांबा, कॅल्टन हिलच्या पायथ्याशी ब्लेनहाइम प्लेसवरचे टॉपिंग, राहिलाच. शिड्या लावलेल्या उंच कपाटांचे ते दुकान पाहायचे म्हणून तर तुमची सफर घेतली होती.

वेळेच्या हिशेबाबद्दल एकच सांगते. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये साधा नियम मांडला: तासाला ३ मैल धरा आणि दर २००० फूट चढाईला एक तास जास्त धरा. म्हणजे साधारण १० मीटर चढाला एक मिनिट. तुमची ४० मिनिटे ही सव्वातीन किलोमीटरला तासाच्या ५ किलोमीटरने भागून आलेली आहेत, त्यात चढ शून्य आहे. हा नियम लावला तरी शहरातल्या अशा फेरीत थोडीच मिनिटे वाढतील, हे मला मान्य आहे. तो धडधाकट माणसासाठी आहे. काठीवाल्या माणसाला मिनिटांपेक्षा पायऱ्या किती, कठडा आहे का, मध्ये टेकायला जागा कुठे, हे हवे असते. कोणालाही वापरता येणाऱ्या खुल्या नकाशांमध्ये पायऱ्या, पूल आणि कुठला रस्ता कुठल्या थरावर आहे याची नोंद करण्याची सोय आहे. ती वापरायला हवी होती.

आणि सोपा मार्ग या शहरात आहे! दुसऱ्या दिवशी भाचीने आम्हाला तो दाखवला. ग्रंथालयातून निघून जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरच राहायचे, चेंबर्स स्ट्रीटने साउथ ब्रिजला यायचे, आणि ब्लॅकवेल्स येते. काउगेटच्या घळीत उतरावेच लागत नाही. तिथून त्याच वरच्या पातळीवर निकल्सन स्ट्रीटने पुढे वेस्ट निकल्सन स्ट्रीटवरचे लाइटहाउस बुकशॉप. ताई हे सगळे स्वतःच्या पायांनी चालली, मध्ये एकदा बसली. वेस्ट पोर्ट ही वेगळी फेरी ठेवावी, बस किंवा टॅक्सीने वरच्या टोकाला उतरावे आणि दुकाने बघत ग्रासमार्केटकडे हळूहळू खाली यावे. उतार टाळता येत नाही, पण तो एकदाच लागतो आणि पायऱ्यांशिवाय. टॉपिंगसाठी पिकार्डी प्लेसपर्यंत ट्राम जाते. दुकाने अंतराने नव्हे, पातळीने जोडली की सफर जमते. हे काम एखाद्या स्थानिक माणसाने एका सकाळी चालून पाहिले असते तरी झाले असते.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार विकलेली सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली गेली पाहिजे आणि डिजिटल सामग्री वर्णनाप्रमाणे असली पाहिजे. तुमची सेवा दोन्ही बाबतींत कमी पडली. त्यामुळे आमचे ३६ पौंड पूर्ण परत करावेत. टॅक्सीची पावती सोबत जोडली आहे, तेवढा खर्चही मिळावा. पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊन हे प्रकरण मिटवू नये, ते आम्ही स्वीकारणार नाही.

पैशांपेक्षाही मोठी माझी मागणी अशी की हा मार्ग दुरुस्त होईपर्यंत ‘कमी चढ, पायऱ्या टाळा’ या नावाने विकणे आजच थांबवा. तो पर्याय निवडणारे लोक हौसेने नव्हे, गरजेने निवडतात. मराठी निवेदनामुळे आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी तुमच्याकडे विश्वासाने येतात, इंग्रजीत रस्ता विचारायला ती कचरतात, आणि म्हणून फोनमधला आवाज सांगेल तिकडे जातात. निवेदन लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या व्यक्तींना माझे मनापासून धन्यवाद कळवा, त्यांच्या कामात काहीही खोट नाही.

बुकिंग क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे. पुलावर उभे असताना ॲपने दाखवलेल्या मार्गाची तीन छायाचित्रे, तुमचा पुष्टीचा ईमेल आणि टॅक्सीची पावती जोडत आहे. १४ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोन करू नये, फोनवर झालेल्या बोलण्याची नोंद मागच्या वेळी तुमच्याकडे सापडली नव्हती.

आपली,
एक ग्राहक
(स्वतःसाठी आणि थोरल्या बहिणीच्या वतीने)