सशामागे न धावल्याबद्दल आभार

काकू, सप्रेम नमस्कार.

घरातून निसटलेला आणि तुमच्या मदतीने सापडलेला आमचा ससा सुखरूप आहे. गवत खातोय, आणि ट्रेमध्ये गोल, कोरड्या लेंड्या पडू लागल्या आहेत. कुणाला यात काय एवढं वाटेल, पण सशाच्या घरात याहून मोठी खुशखबर नसते.

पहिले आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याबद्दल. ससा सुटला म्हटलं की दहा जण त्याच्यामागे धावतात. तुम्ही आधी कुत्र्याला आत बांधलंत आणि पोरांना जागच्या जागी बसवलंत. सशाची हाडं फार हलकी. सगळा सांगाडा मिळून वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के, मांजराचा 12-13. मागच्या पायांत मात्र भलताच जोर. झडप घालून धरलं आणि त्याने जिवाच्या आकांताने लाथ झाडली, तर त्याच झटक्याने त्याचा कणा कंबरेपाशी मोडू शकतो. ससा हाती लागतो, पण कायमचा लुळा होऊन.

बाहेर पडण्याआधी घर पुन्हा धुंडाळायला लावलंत तेही बरंच झालं. सोफ्याच्या तळाचं कापड फाटलेलं असेल तर आत, वॉशिंग मशीनच्या मागे, पलंगाच्या खणात: ‘हरवलेले’ ससे बरेचदा इथेच असतात. बाहेर गेलेला पाळीव ससासुद्धा सहसा लांब जात नाही. जवळच्या झुडपात, कुंड्यांमागे, गाडीखाली अंग चोरून बसतो. हाका मारून तो बाहेर येत नाही, उलट आणखी दडून बसतो. भर दुपारी शोधून उपयोग नसतो. ससा हलतो तो झुंजूमुंजू होताना नाही तर तिन्हीसांजेला. तोवर थांबा म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

पिठाची युक्ती तर लाजवाब. फटीपाशी पातळ थर पसरला की ठसे उमटतात, पण वाचताना हमखास चूक होते. पुढे दिसणारे दोन लांबट ठसे मागच्या पायांचे. त्यांच्या मागचे दोन लहान, जवळजवळ एकामागे एक पडलेले, ते पुढच्या पायांचे. उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात ना, म्हणून. लांब ठसे ज्या बाजूला, ससा त्या बाजूला. आम्ही नेमके उलटे निघालो होतो.

पकडण्यातली तुमची सफाई सगळ्यांनी शिकावी. घडीची जाळी हळूहळू जवळ आणत जागा आखडायची; जाळी 90 सेंमी तरी उंच हवी, गुडघ्याएवढी ससा सहज ओलांडतो. आत त्याचीच वापरलेली लेंड्या-गवताची ट्रे ठेवायची, म्हणजे ओळखीचा वास येतो. मग पाठ वळवून जमिनीवर बसायचं आणि दाण्यांचा डबा खुळखुळवायचा. नाकासमोर सशाला दिसतच नाही, त्यामुळे समोरून आलेल्या हाताने तो दचकतो; हात बाजूने नेऊन कपाळावर ठेवायचा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंग आपल्या छातीशी टेकवून. कान धरून कधीही नाही.

एक गोष्ट मात्र पटली नाही, स्पष्ट सांगतो: पिंजरा-सापळा रात्रभर लावून झोपायला जा, हा सल्ला. अडकलेला ससा मांजराकुत्र्यांना आयताच दिसतो आणि नुसत्या भीतीनेही दगावू शकतो. सापळ्यावर चादर हवी आणि दर अर्ध्या तासाला एक फेरी.

घरी आल्यावर शेपटीखालचा भाग तपासायची आठवण तुम्हीच केलीत. तिथे ओल किंवा घाण असेल तर माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या पडतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे बाहेर काही विषारी खाल्लं असेल तर ते पोटातच राहतं. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद राहिल्या तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. डॉक्टरांना आज दाखवून आणलं, सगळं ठीक आहे.

तुमची चादर धुऊन वाळत घातली आहे. एका कोपऱ्याला त्याने रुपयाएवढं भोक पाडलंय. रफू करून आणून देतो.

तुमचे,
वरच्या मजल्यावरचे शेजारी