हातोडा की राजदंड? गिल्डमधल्या ताईला एक उघड पत्र

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण शस्त्रांची नवी पद्धत आली की गोंधळून जाणारे लोक प्रत्येक गेममध्ये असतात, आणि त्यांना बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘खेळत राहा, कळेल’ आणि दुसरं ‘पटत नसेल तर सोड’. तू या दोन्हीपेक्षा वेगळं वागलीस. ते काय होतं हे नीट लिहावं आणि त्याबद्दल तुझे आभार सगळ्यांदेखत मानावेत, असं फार दिवस मनात होतं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचं ‘लीजन’ हे एक्स्पान्शन, म्हणजे मोठी नवी भर, 30 ऑगस्ट 2016 ला आलं. त्याआधी शस्त्र मिळायचं ते मुख्यतः रेडमधून, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमेतून. तिथला मोठा शत्रू, म्हणजे बॉस, पडला की सगळे त्याच्याकडून मिळणाऱ्या लूटकडे डोळे लावून बसायचे. कुणाला काय हवंय हे अख्ख्या गिल्डला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाला, पाठ असायचं, आणि कुणाला हवी ती कुऱ्हाड मिळाली की चॅटवर नुसता कल्ला. ‘लीजन’ने हे सगळं बाजूला ठेवलं. प्रत्येक स्पेकला (कॅरेक्टरच्या खेळण्याच्या ठरावीक प्रकाराला) एक ठरलेलं आर्टिफॅक्ट शस्त्र, अशी एकूण 36. ते सुरुवातीलाच हातात मिळणार, शेवटपर्यंत तेच वापरायचं, आणि आर्टिफॅक्ट पॉवर मिळवून त्यातला एकेक ट्रेट, म्हणजे शस्त्राचा खास गुण, उघडत जायचा. बॉसकडून शस्त्राऐवजी त्यात बसवायची रेलिकं मिळणार.

बहुतेकांना ही कल्पना आवडली होती. मला धास्ती वाटत होती.

मी शमन या क्लासची. मारामारीला एन्हान्समेंट हा स्पेक आणि गिल्डला गरज पडली की रेस्टोरेशन घेऊन इतरांना बरं करणारी हीलर, असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं. दोन्ही मला मनापासून आवडायचे. आता एन्हान्समेंटसाठी थ्रॉलचा हातोडा, डूमहॅमर, आणि रेस्टोरेशनसाठी राणी अझ्शाराचा राजदंड, शारास्दाल. दोन शस्त्रं म्हणजे ट्रेटची दोन झाडं, आणि मिळवलेली पॉवर एकदा एका शस्त्रात घातली की दुसऱ्याला तिचा उपयोग नाही. एमरल्ड नाइटमेअर ही पहिली रेड सप्टेंबरात उघडणार होती, आपल्याकडे हीलर कमी होते, आणि जग फिरून गोळा केलेली पॉवर हातोड्याला द्यायची की राजदंडाला हे मला ठरवताच येईना. ‘जी शमन दोन्ही करते तिला हा गेम आता शिक्षा करतोय’ असं मी गिल्डच्या व्हॉइस चॅनलवर बोलून गेले. बऱ्याच जणांनी समजूत घातली, काहींनी विषय बदलला. तू मात्र म्हणालीस, ‘तुझ्या सगळ्या शंका लिहून काढ. एका ओळीत एकच.’

ती यादी माझ्याकडे अजून आहे. दोन स्पेकचं काय करायचं? हे वाढवणं कधी संपणार की नाही? रेडमधून शस्त्र मिळण्याचा आनंद गेला, त्याच्या बदल्यात काय मिळालं? प्रत्येक एन्हान्समेंट शमनच्या हातात तोच डूमहॅमर असेल तर माझ्या हातातल्या हातोड्याचं काय विशेष? आल्टला, म्हणजे आपल्याच दुसऱ्या कॅरेक्टरला, सगळं पहिल्यापासून करायचं का? आणि पुढचं एक्स्पान्शन आलं की या शस्त्राचं काय होणार?

यादी वाचून तू त्यातल्या काही ओळींसमोर ‘मोजू’ असं लिहिलंस, काहींसमोर ‘बरोबर आहे’, आणि एका ओळीसमोर ‘हे तू ठरव’. मला वाटतं माझं अर्धं ओझं तिथेच उतरलं. तोवर मी या सगळ्याचं एकच गाठोडं करून पाठीवर घेतलं होतं. कुठल्या शंकेला आकड्यांनी उत्तर मिळतं, कुठली शंका म्हणजे रास्त तक्रार आहे आणि कुठली निव्वळ आवडीनिवडीची, हे मला कुणी वेगळं करून दाखवलं नव्हतं.

मग आपण मोजायला बसलो. ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. तू ड्रुइड या दुसऱ्या क्लासची, त्यामुळे शमनच्या ऑर्डर हॉलमध्ये, म्हणजे आमच्या क्लासच्या मुख्यालयात, तुला येता येत नव्हतं, आणि पॉवर खर्च करायची तर तिथल्या फोर्जपाशीच जावं लागायचं. मी मेलस्ट्रॉममधल्या त्या हॉलमध्ये फोर्जसमोर उभी राहून ट्रेटच्या झाडावर एकेक ठिकाणी माउस नेत होते, आकडे वाचून दाखवत होते, आणि तू तिकडे शीटमध्ये दोन रकाने भरत होतीस. डावीकडे हातोडा, उजवीकडे राजदंड. पहिला ट्रेट 100 पॉवरचा. नंतरचे बरेच काही शेकड्यांत. मग किंमत चढायला लागते आणि पुढे हजारांचे आकडे येतात. दोन्ही रकान्यांत चढण तीच. तू म्हणालीस, ‘आता बघ, सुरुवातीचे ट्रेट स्वस्त आहेत. तेवढे दोन्हीकडे घेतलेस तर नुकसान किती?’ आपण बेरीज केली. वरच्या एकाच महागड्या ट्रेटच्या मानाने ती इतकी किरकोळ निघाली की मी परत परत तपासली.

त्याहून मोठी गोष्ट होती आर्टिफॅक्ट नॉलेजची. ऑर्डर हॉलमध्ये संशोधनाची वर्क ऑर्डर लावायची, काही दिवसांनी ती उचलायची, आणि मग पुढे मिळणाऱ्या प्रत्येक टोकनची (पॉवर देणाऱ्या वस्तूची) पॉवर वाढते, इतकं मला माहीत होतं. पण हे नॉलेज शस्त्राला चिकटलेलं नसून त्या कॅरेक्टरला चिकटलेलं असतं, याचा अर्थ काय होतो हे तू उलगडून दाखवलंस. आज एका शस्त्रासाठी आठवडाभर राबून जेवढी पॉवर मिळते, तेवढी पुढे नॉलेज वाढल्यावर एका संध्याकाळी मिळेल, आणि ती कुठल्याही शस्त्राला देता येईल. म्हणजे जे शस्त्र मागे राहतंय ते कायमचं मागे राहत नाही. ते नंतर स्वस्तात पुढे येतं. ‘म्हणून आत्ता ज्याने रेड करणार आहेस त्यालाच दे,’ तू म्हणालीस, ‘आणि नॉलेजच्या ऑर्डरमध्ये एकही दिवस खंड पडू देऊ नकोस.’

आणखी दोन गोष्टी तू जाता जाता सांगितल्यास, त्या मला पुढे फार उपयोगी पडल्या. टोकनची किंमत ते मिळतं त्या क्षणीच ठरते, त्यामुळे नॉलेज वाढेल या आशेने टोकन बॅगेत साठवून काही फायदा नाही. आणि टोकनवर क्लिक करण्याआधी हातात कुठलं शस्त्र आहे ते बघायचं, कारण पॉवर त्यालाच जाते. ही दुसरी गोष्ट किती साधी! पण दोन स्पेक खेळणाऱ्याला ती आधी सांगणारं माणूस भेटणं ही खरंच मोठी मदत आहे.

राजदंडाला पॉवर घातली. एमरल्ड नाइटमेअर मी हीलर म्हणून केलं. राजदंडाची ‘गिफ्ट ऑफ द क्वीन’ ही शक्ती योग्य वेळी टाकली की एकदम सहा जणांचे हेल्थ बार वर यायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की मोजून घेतलं ते किती बरं झालं. जानेवारी 2017 मध्ये नाइटहोल्ड ही रेड उघडली तोपर्यंत हातोडाही मार्गी लागला होता. तू शीटवर दाखवलं होतंस अगदी तसाच, थोडक्या संध्याकाळींत. पहिल्यांदा हातोड्याची ‘डूम विंड्स’ ही शक्ती लावून विंडफ्युरीचे जादा फटके सलग बसताना पाहिले तेव्हा तू व्हॉइसवर टाळ्या वाजवल्या होत्यास. तेव्हा फाइट चालू होती, म्हणून उत्तर दिलं नव्हतं. ते आज देते: त्या टाळ्यांसाठीही आभार.

‘हे कधी संपणार’ या शंकेवर तू जे सांगितलंस ते माझ्या तब्येतीला मानवलं, असंच म्हणते. सगळे ट्रेट भरले की शेवटी एक ट्रेट उरायचा, 20 पायऱ्यांचा, आणि पायरीमागे फक्त अर्धा टक्का वाढ. किंमत मात्र भरमसाट. त्या वेळी कितीतरी चांगले खेळाडू या अर्ध्या अर्ध्या टक्क्यामागे रात्री जागत होते, एकच डंजन परत परत फिरत होते, आणि थोड्याच दिवसांत थकून गेम सोडून गेले. तू मला सरळ विचारलंस, ‘आपण ज्या बॉसकडून हरतोय, ते अर्ध्या टक्क्याने हरतोय का?’ लढाईच्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडले. लोक आगीत उभे राहत होते, शत्रूचा मंत्र रोखणारे इंटरप्ट चुकत होते. अर्धा टक्का कुठे दिसतच नव्हता. ‘मग झोप,’ तू म्हणालीस. मी झोपले. पुढे मार्च 2017 मध्ये 7.2 पॅच आला, त्या ट्रेटच्या पलीकडे ‘कॉन्कॉर्डन्स’ हा नवा ट्रेट आला, आणि शिडी आणखी लांबली. तेव्हा गिल्डमध्ये पुन्हा तीच धावपळ सुरू झाली, पण मला ती पद्धत ठाऊक झाली होती. आधी मोजायचं, मग जागायचं की नाही ते ठरवायचं.

ताई, मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते मात्र तुझ्या ‘बरोबर आहे’ या शेऱ्याचे.

आल्टबद्दलच्या शंकेसमोर तू तो लिहिलास. नवं कॅरेक्टर म्हणजे नॉलेज पुन्हा शून्यापासून, आणि ज्याला चार क्लास आवडतात त्याच्यावर हा अन्याय आहे, हे तू आडवळण न घेता मान्य केलंस. गेमवर तुझं इतकं प्रेम, तरी त्याची बाजू सावरायला तू धावली नाहीस. उलट गेममधल्या सूचनेच्या खिडकीत काय लिहायचं ते माझ्याबरोबर बसून नेटकं केलंस. काय खटकतं, कुठल्या टप्प्यावर खटकतं आणि काय केलं तर चालेल, एवढंच. रागाचा शब्द नाही. 2017 च्या ऑगस्टअखेर 7.3 मध्ये आर्टिफॅक्ट नॉलेज आपोआप वाढू लागलं आणि आल्टची अडचण बरीच सुटली. ती तक्रार हजारोंनी केली असणार, त्यात आपली एक होती. तिचा काही उपयोग झाला की नाही याची मला फिकीर नाही. माझी शंका रास्त आहे हे कुणीतरी मला तोंडावर सांगितलं, याची मात्र आहे.

लूटच्या आनंदाबद्दलही तू तेच म्हणालीस. तो आनंद गेला आणि रेलिक मिळाल्याने तो भरून निघत नाही, हे तुलाही जाणवत होतं. रेलिकने शस्त्राची आयटम लेव्हल वाढते, एखाद्या ट्रेटला आणखी एक रँक मिळते, हे सगळं उपयोगाचं. पण रेलिक मिळालं म्हणून अख्खी गिल्ड ओरडली, असं आपण पाहिलं नाही. मला आजही वाटतं की त्या पद्धतीत सर्वांत मोठी उणीव हीच होती, आणि कमनशिबी खेळाडूंना महिनोन्‌महिने शस्त्राविना ताटकळावं लागू नये यासाठी मोजलेली ती किंमत होती. किंमत योग्य होती का, यावर आपलं एकमत कधीच झालं नाही. तुझ्या मते होती. माझ्या मते नव्हती. आणि तरीही तू मला मदत करत राहिलीस.

‘हे तू ठरव’ लिहिलेली ओळ होती सगळ्यांच्या हातातल्या त्याच हातोड्याची. त्यावर तू काही बोलली नाहीस. मी ठरवलं ते असं: डालारान शहरात रांगेने उभे असलेले डूमहॅमर बघणं मी सोडून दिलं. मेज टॉवरचं, एकट्याने लढायचं आव्हान आलं तेव्हा त्यावर घाम गाळला, हातोड्याचं तिथलं रूप मिळवलं, आणि त्या दिवसापासून तो माझा झाला. 2018 मध्ये ते आव्हान आणि त्यातून मिळणारी ती रूपं बंद झाली. ज्यांनी ती मिळवली त्यांच्याकडे ती आजही आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न. पुढचं एक्स्पान्शन आल्यावर काय? बाकीच्यांनी मला सांगितलं होतं, ‘इतकी मेहनत करून घेतल्यावर ते कसं काढून घेतील?’ तू म्हणालीस, ‘जाणार. आत्ताच धरून चाल की जाणार. तरी तुला हे खेळावंसं वाटतं का, एवढंच बघ.’ तसंच झालं. ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ येण्याआधी सिलिथस या भागात सारगेरास या खलनायकाच्या तलवारीतली शक्ती शोषून घेताना आपल्या शस्त्रांची ताकद संपली. त्या दिवशी बरेच जण चिडले. मला वाईट वाटलं, पण फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही, कारण कुणीतरी मला दोन वर्षं आधी खरं सांगितलं होतं.

मग 14 ऑगस्ट 2018 पासून गळ्यात ‘हार्ट ऑफ अझेरॉथ’ आला, अझेराइटची चिलखतं आली, आणि माझ्या शंका नव्याने सुरू झाल्या. या वेळी मी आधी यादी केली, मग तुला हाक मारली. तू शीट मागितलीस, ती माझ्याकडे तयार होती.

तुझ्या त्या पहिल्या शीटवर मी पुढे बरेच रकाने वाढवलेत, पण पहिले दोन तू भरलेले आहेत तसेच ठेवलेत. गिल्डमध्ये नवे लोक आलेत आणि त्यांना तशी शीट हवी आहे. मूळ काम तुझं आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय देणार नाही. हो म्हणालीस तर वर तुझं कॅरेक्टरचं नाव घालू की नुसतं ‘ताई’ पुरे, तेवढं कळव.

तुझी,
गिल्डमधली शमन