थेट फायनलला

दोहा,
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

प्रिय सुन्या,

परवा रात्री तुझा मेसेज आला, 'रियल जिंकली, विषय संपला.' लेका, तुझ्या त्या चार शब्दांचा राग येऊन हे पत्र लिहायला बसलोय. आज सुट्टी आहे, खोलीतली बाकीची मंडळी जेवून झोपलीत आणि मला विषय संपवायचा नाही.

परवा लुसैलच्या स्टेडियममध्ये फिफाच्या इंटरकॉन्टिनेंटल कपच्या, म्हणजे खंडाखंडांच्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला मी स्वतः होतो. १८ डिसेंबर हा इथला राष्ट्रीय दिन, त्यामुळे कामाला सुट्टी. दोन वर्षांपूर्वी मेस्सीनं वर्ल्डकप उचलला तो याच तारखेला आणि याच मैदानावर. तेव्हा मी अजून कोल्हापुरातच होतो. पेठेत लावलेल्या पडद्यासमोर तू माझ्या पाठीत गुद्दे घालत होतास, आठवतंय? मेट्रोतून उतरून ते सोनेरी भांड्यासारखं स्टेडियम समोर दिसलं तेव्हा पहिल्यांदा पाठच दुखली.

मॅच तू बघितलीसच. रियल माद्रिदकडनं पहिल्या हाफात एम्बाप्पे, मग रॉड्रिगो आणि शेवटी व्हिनिशियसची पेनल्टी. ३-०. आदल्याच रात्री व्हिनिशियसला जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून फिफाचा पुरस्कार मिळाला होता, तोही इथं दोहातच. जणू लग्नघरी मुक्कामाला आलेला नवरदेव. माझ्या आजूबाजूला सगळे पांढऱ्या जर्सीवाले. समोरची टीम मेक्सिकोची पचुका आहे, हे अर्ध्या लोकांना स्कोअरबोर्डवरनं कळलं असेल.

पण या पचुकाला तिथवर पोहोचायला काय करावं लागलं ते ऐक. रियलनं १ जूनला वेम्बलीत डॉर्टमुंडला हरवून युरोपचा कप घेतला. त्याच दिवशी पचुकानं घरच्या मैदानावर कोलंबस क्रूला ३-० हरवून उत्तर अमेरिकेचा कप घेतला. दोघं आपापल्या खंडाचे चॅम्पियन, एकाच तारखेचे. पुढं मात्र पचुकाला ११ डिसेंबरला ब्राझीलच्या बोटाफोगोशी खेळावं लागलं, १४ ला इजिप्तच्या अल अहलीशी आणि १८ ला फायनल. आठ दिवसांत तीन मॅच. रियल एकच मॅच खेळायला आली. अल अहलीनं त्याआधी ऑक्टोबरात कैरोत यूएईच्या अल ऐनला हरवलं होतं आणि अल ऐननं सप्टेंबरात न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीला. म्हणजे सगळी दुनिया जिना चढत होती आणि एक जण वर गच्चीत खुर्ची टाकून बसला होता.

आपल्या शाहू स्टेडियमवर कुणी असा ड्रॉ काढला तर काय होईल सांग बरं! गेल्या वर्षीचा विजेता थेट फायनलला आणि बाकीच्या तालमींच्या टीमनी आपसात झुंजून त्याच्यापर्यंत यायचं. चिठ्ठ्या काढणारा माणूस घरी कुठल्या बोळातनं जाणार? एखादा बाय, म्हणजे न खेळता पुढची फेरी, मिळाला तरी आपल्याकडं महिनाभर चहाच्या गाड्यावर वाद चालतो.

फिफाला स्वतःलाही थोडं ओशाळल्यासारखं होत असावं. म्हणून त्यांनी वाटेतल्या मॅचना वेगळी नावं दिली आणि वेगळे चषक ठेवले. बोटाफोगोला हरवलं की 'डर्बी ऑफ द अमेरिकाज', अल अहलीला हरवलं की 'चॅलेंजर कप'. रडणाऱ्या पोराच्या हातात बत्तासा द्यावा तसं.

बोटाफोगोचीही दया आली मला. ३० नोव्हेंबरला ब्वेनोस आयरेसमध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेची फायनल जिंकली, तीही पहिल्याच मिनिटाला एक गडी बाहेर गेल्यावर. ८ डिसेंबरला ब्राझीलची लीग जिंकली. तिथनं विमानात बसून दोहा, आणि ११ ला मैदानात. ती मॅच मी ड्युटीवरनं आल्यावर मोबाइलवर बघितली. दुसऱ्या हाफात त्यांचे पाय शिशाचे झाले होते. पचुकाचा तो मोरोक्कन पोरगा, इद्रिसी, बॉक्समध्ये सगळ्यांना नाचवत आत शिरला आणि गोल केला. ३-० म्हटलं की एकतर्फी वाटतं. माझ्या मते त्यातला एक गोल विमानप्रवासाच्या नावावर लिहायला हवा.

खरी मजा आली ती शनिवारी. १४ तारखेला मी स्टेडियम ९७४ ला गेलो. जहाजावरचे कंटेनर एकावर एक रचून बांधलेलं मैदान आहे ते. कंटेनर मोजून ९७४, आणि कतारचा फोन कोडही ९७४. वर्ल्डकप झाला की उतरवणार होते, अजून उभं आहे. इथं मिसरी लोक अमाप. माझ्या साइटवरचा निम्मा स्टाफ तिकडचाच. सगळे लाल जर्सी घालून आलेले, ढोल, घोषणा, नव्वद मिनिटं कुणी खाली बसलं नाही. आपला शिवाजी पेठेचा स्टँड अरबीत बोलायला लागला तर कसा वाटेल, तसं. माझ्या शेजारी आमचा फोरमन होता. मॅच सुरू व्हायच्या आधीच तो म्हणाला, 'या पचुकाचं आमच्याकडं जुनं देणं आहे.' मला कळेना. मग त्यानं सांगितलं. २००८ साली टोकियोत क्लब वर्ल्डकपमध्ये अल अहली यांच्याविरुद्ध हाफटाइमला २-० पुढं होती आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ हरली. सोळा वर्षं माणूस ते मनात धरून बसला होता.

परवाच्या शनिवारी १२० मिनिटं ०-०. मग टायब्रेकर, आणि तोही सडन डेथपर्यंत, म्हणजे एक चुकला की संपलं इथवर, गेला. पचुका ६-५. फोरमन काही बोलला नाही. खिशातली खारी बियांची पुडी माझ्या हातात दिली आणि निघून गेला. सोमवारी कामावर मी तो विषय काढला नाही.

आता तुला खरी गंमत सांगतो, म्हणजे मी पचुकावर का अडलोय ते कळेल. खोलीवर आल्यावर मी जुने निकाल बघत बसलो. २०१० साली अबुधाबीत पचुकाला १-० नं कुणी बाहेर काढलं होतं माहितेय? काँगोच्या माझेंबेनं! किडियाबाच्या माझेंबेनं! सुन्या, तो ढुंगणावर उड्या मारत गोल साजरा करणारा गोलकीपर. त्यानंतर माझेंबेनं ब्राझीलच्या इंटरनासिओनालला २-० उडवलं आणि आफ्रिकेची टीम पहिल्यांदा फायनलला गेली. मग इंटर मिलानकडनं ३-० हरली. आणि त्याच्या पुढच्याच रविवारी गांधी मैदानावर आपण गोल केल्यावर तू तुझ्या गोलपोस्टसमोर तश्शाच उड्या मारल्यास आणि तुझी चड्डी फाटली. पुढचा अर्धा तास तू एक हात मागं ठेवून गोल राखलास. आपण हरलो, पण ती मॅच अजून कुणी विसरलं नाही. त्या स्पर्धेचा विजेता कोण होता, सांग? मला तरी आठवत नाही.

पचुका गाव कसलं आहे तेही वाचलं. मेक्सिकोतल्या हिदाल्गो राज्यात, समुद्रसपाटीपासून २,४०० मीटर उंच, चांदीच्या खाणींचं गाव. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधनं खाणकामगार तिकडं गेले, त्यांनी फुटबॉल नेला. म्हणून टीमचं टोपणनाव 'तुसोस', म्हणजे जमीन उकरणारे घुशीसारखे प्राणी. त्या कामगारांनी आपली डब्यात न्यायची सारण भरलेली करंजीही नेली. ती अजून तिथं 'पास्ते' नावानं विकतात, फक्त आता आत मिरची असते. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसांनी काढलेली टीम. इथं सहा जणांच्या खोलीत राहून मी कुणाच्या बाजूनं ओरडणार होतो?

तू म्हणशील, पूर्वी बरं होतं. पूर्वी म्हणजे १९६० पासून फक्त युरोप आणि दक्षिण अमेरिका, दोन मॅच, एक इकडं एक तिकडं. बाकीच्या जगाला दारातच उभं केलेलं. आणि त्या मॅच कसल्या? १९६७ ला अर्जेंटिनाच्या रेसिंगच्या मैदानावर स्कॉटलंडच्या सेल्टिकचा गोलकीपर सिम्पसन मॅच सुरू व्हायच्या आधीच डोक्यात काहीतरी लागून पडला. तिसरी मॅच माँटेव्हिडिओत झाली, तिथं रेफरीनं सहा जणांना बाहेर काढलं. १९६९ ला अर्जेंटिनाच्याच एस्तुदियांतेसनं इटलीच्या मिलानच्या कोंबिनचं नाक फोडलं, आणि वर तो जन्मानं अर्जेंटिनाचा म्हणून सैन्यातली नोकरी चुकवल्याच्या आरोपावरनं त्यालाच पोलिसांनी धरलं! पुढं युरोपवाले जायलाच कंटाळले. १९७४ ला युरोपच्या चॅम्पियन बायर्ननं नकार दिला, म्हणून अॅटलेटिको माद्रिद गेली आणि युरोपचा कप न जिंकताच जगज्जेती झाली. शेवटी १९८० च्या स्पर्धेपासनं सगळं उचलून जपानला नेलं. एकच मॅच आणि उत्तम खेळाडूला टोयोटा गाडी. ब्राझीलच्या झिकोच्या फ्लेमेंगोनं लिव्हरपूलला ३-० धुतलं ते तिथंच, १९८१ ला.

तेव्हा दक्षिण अमेरिकावाले बरोबरीनं जिंकायचे. आता बघ, २०१२ ला क्लब वर्ल्डकपमध्ये ब्राझीलच्या कोरिंथियान्सनं इंग्लंडच्या चेल्सीला हरवलं, त्यानंतर युरोपाबाहेर हा मान गेलेला नाही. चांगली पोरं विसाव्या वर्षीच युरोपात विकली जातात. परवा रियलकडनं गोल करणारे रॉड्रिगो आणि व्हिनिशियस कुठले, ब्राझीलचेच ना? असं असताना वरनं त्यांनाच थेट फायनलला बसवायचं, याचा मला राग आहे. रियल पचुकासारखी तिन्ही मॅच खेळून जिंकली असती तर मी गप्प टाळ्या वाजवल्या असत्या.

असो. तुझा गुडघा आता कसा आहे? सीझन सुरू झाला का? बारक्या पोरांना गोलकीपिंग शिकवतोयस असं वहिनी म्हणाली. जानेवारीत आमच्यातला एक जण इचलकरंजीला येतोय, त्याच्याकडं हातमोज्यांचे तीन जोड देतो. पोरांच्या हातांची मापं लगेच कळव. आणि चड्ड्या तुम्ही तिकडंच घ्या, जाड कापडाच्या.

तुझा,
दिग्या