पहिल्या वर्षात वजन कुठून वाढतं? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घराबाहेर राहणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं जेवण, झोप, व्यायाम आणि वाढणारं वजन

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावी झालेलं मूल ऑगस्टमध्ये पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला शिकायला जातं. दिवाळीत घरी आल्यावर घरचे म्हणतात, 'चांगलाच सुटलास की!' आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, कारण या वाढीची बरीचशी कारणं मेसच्या करारात, वसतिगृहाच्या फाटकाच्या वेळेत आणि कॉलेजच्या वेळापत्रकात आहेत. या गोष्टी मुलांच्या हातात नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या विभागाच्या हातात आहेत.

आधी आकड्याबद्दल. अमेरिकेत या वाढीला 'फ्रेशमन फिफ्टीन' म्हणतात. पहिल्या वर्षात १५ पौंड, म्हणजे जवळपास पावणेसात किलो. हा आकडा फुगवलेला आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर सरासरी वाढ दीड किलोच्या आसपास निघते. पण त्या सरासरीत वजन घटलेलेही धरलेले असतात. ज्यांचं वाढतं त्यांचं तीन किलोंच्या वर जातं. आपल्या मुलांना तीन किलो जास्त महाग पडतात. भारतीय शरीर चरबी पोटावर लवकर साठवतं, म्हणून आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ झाला की जादा वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य मोजमापात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. १६५ सेंटिमीटर उंचीचा, ६० किलो वजनाचा मुलगा ठीक असतो. तोच ६३ किलोंचा झाला की रेषा ओलांडतो. बघणाऱ्याला तो 'भरलेला' दिसतो, एवढंच.

काही मुलांच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा उठतो. मुलं तो मळ समजून आंघोळीला घासून काढायला बघतात. तो मळ नसतो. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती बहुतेक वेळा पहिली खूण असते, आणि १८ व्या वर्षी ती दिसली तर वजन थोडं उतरवून, चालणं-खेळणं वाढवून गाडी मागे आणता येते. वसतिगृहाच्या रेक्टरना आणि मेट्रनना ही एक खूण ओळखता आली तरी पुष्कळ काम होईल.

आता मेस. करारात लिहिलेलं असतं : चपाती-भात अमर्याद, भाजी १ वाटी, वरण १ वाटी. निविदा सर्वांत कमी दराची मंजूर होते आणि दर वर्षभर बांधलेला राहतो. मध्येच तूरडाळ महागली की मेसवाल्याने काय करायचं? तो वरणात पाणी वाढवतो, भाजीत बटाटा वाढवतो आणि चव राखायला तेल वाढवतो. करारातली वाटी भरलेलीच असते. तिच्यात डाळ किती आहे हे कुणी लिहिलेलंच नाही. एकट्या मेसवाल्याला दोष देऊन भागणार नाही, करारच त्याला तिकडे ढकलतो.

म्हणून पहिली मागणी : निविदेत वाट्या लिहू नका, माणशी कच्च्या मालाचं वजन लिहा. एका जेवणाला कोरडी डाळ किंवा कडधान्य ३० ग्रॅम आणि बटाटा सोडून इतर भाजी १५० ग्रॅम. १०० ताटांना हे ३ किलो डाळ आणि १५ किलो भाजी होते. ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात; दीड किलो डाळीत १०० ताटं उरकली की त्यातली निम्मी जातात आणि पोट भरायचं काम पाचव्या चपातीवर आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या भातावर येतं. डाळींचा दर ठरावीक मर्यादेपलीकडे चढला तर ताटाचा दरही वाढेल, असं कलम करारात घाला. नाहीतर ही वजनं कागदावरच राहतील.

दुसरी मागणी तेलाची, आणि इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारमार्गदर्शनात २,००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. मेसमध्ये तेल १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यातून येतं. १०० मुलांना माणशी २७ ग्रॅमने तो साडेपाच दिवस पुरायला हवा. तिसऱ्या दिवशी डबा संपत असेल तर माणशी ५० ग्रॅम तेल पोटात जातं आहे, म्हणजे रोज २०० कॅलरी जादा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. वर्षाचे जेवणाचे २४० दिवस धरले तर हा हिशोब कागदावर सहा किलोंचा होतो. वजन वाढतं तसा शरीराचा खर्चही वाढतो, म्हणून प्रत्यक्षात एवढं वाढत नाही. पण वाढतं ते इथून.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक वही टांगा : डबा फोडल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि त्या दिवसांत वाढलेली ताटं. दोन ठिकाणी हा हिशोब चुकतो. एक म्हणजे तेलाला पटावरच्या मुलांच्या संख्येने भागतात. शुक्रवार ते रविवार निम्मी मुलं गावी गेलेली असतात, तेव्हा भागायचं ते प्रत्यक्ष वाढलेल्या ताटांनी, माणशी दिवसाची दोन ताटं धरून. दुसरं, पुऱ्या-भजी तळून उरलेलं तेल मोजत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी फोडणीला जातं. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा अन्नसुरक्षा नियम आहे, आणि ते मोजायचं हातात धरण्याजोगं यंत्र मिळतं. पण वसतिगृहाने तळणाचं तेल त्याच दिवशी वजन करून बाजूला काढायचं ठरवलं तरी पुरे.

रेक्टरना घटकाभरात करता येईल अशी एक पाहणीही आहे. उसळीच्या रश्श्याची एक वाटी दहा मिनिटं स्थिर ठेवायची. वर लाल तवंग येतो. तो चहाच्या चमच्याने अलगद काढायचा. दोन चमचे भरले तर ते १० मिली तेल झालं, सुमारे ८० कॅलरी, एका वाटीत. भाजीतलं आणि चपातीला लावलेलं त्यात धरलेलं नाही.

खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वजा करण्याचा, नियमही तपासायला हवा. आधी कळवून सलग तीन-चार दिवस सुट्टी घेतल्याशिवाय बहुतेक मेस पैसे वजा करत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी मित्रांबरोबर बाहेर खाऊन आलेलं मूल पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मेसमध्ये पुन्हा जेवतं. सकाळी दहापर्यंत कळवलं तर त्या रात्रीचा खाडा धरला जावा. तसंच रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, आणि रात्री मेस बंद, ही राज्यभरची पद्धत आहे. आचाऱ्यांना सुट्टी हवीच. पण मुगाची खिचडी आणि ताक एवढं रविवारी रात्री एक माणूस करू शकतो. ते नसलं की वसतिगृहाच्या फाटकावर पार्सलवाल्यांची रांग लागते.

रात्रीची भूक हा वेगळाच प्रश्न आहे. मेस साडेसात ते नऊ, आणि पहिल्या वर्षाची मुलं झोपतात दीड-दोनला. आठला जेवलेल्याला बाराला भूक लागणारच; त्यात कमी झोपेने भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. त्या वेळी खोलीत हाताशी असतं ते इन्स्टंट नूडल्सचं ७० ग्रॅमचं पाकीट : ३०० च्या आसपास कॅलरी आणि दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा. मेसने साडेदहा ते अकरा एक खिडकी उघडी ठेवावी. २०० मिली दूध किंवा ताक, एक केळं, ३० ग्रॅम फुटाणे, हवं त्याला उकडलेलं अंडं. याला गॅस जवळजवळ लागत नाही. उशिरा झोपलेल्यांचा साडेसातचा नाश्ता बुडतो, मग अकराच्या सुट्टीत टपरीवर दोन वडापाव आणि चहा, म्हणजे सहाशेच्या वर कॅलरी. नाश्ता दहापर्यंत मिळावा, निदान थालीपीठ किंवा अंडं-चपाती कागदात गुंडाळून नेता यावी.

टपरीच्या एका चहात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर असते. पाच चहा झाले की ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या २५ ग्रॅमच्या मर्यादेच्या दुप्पट. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोहही शोषू देत नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. वजन वाढलेली आणि हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेली मुलगी वसतिगृहात अगदी नेहमी दिसते. तिला 'कमी खा' सांगणं चूक आहे. तिला डाळ, हिरवी पालेभाजी, लिंबू आणि जेवणानंतर तासाभराने चहा हे सांगायला हवं. पाळी ३५ दिवसांपलीकडे जात असेल, तर डॉक्टरकडे पाठवायला हवं.

व्यायामाबाबत आपल्याला नवं काही आणायचं नाही, आहे ते वापरायचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या दोन्ही सत्रांत सहअभ्यासक्रमाचे प्रत्येकी २ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आहेत. त्यात योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी येतात. प्रात्यक्षिकाचे २ क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास, २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे वेळ कागदावर आधीच दिलेला आहे. जिथे हा तास वर्गात बसून, सूर्यनमस्काराचे फायदे वहीत उतरवून भरला जातो, तिथे तो वाया जातो. हे क्रेडिट लेखी परीक्षेवर देऊ नयेत. मैदानावरच्या हजेरीवर द्यावेत. वजन किती उतरलं याचा तर गुणांशी अजिबात संबंध जोडू नये. त्यासाठी शारीरिक शिक्षण संचालकांच्या रिक्त जागा भराव्या लागतील, ते टाळून चालणार नाही.

मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी लवकर बंद होतं. प्रात्यक्षिकं पाचला सुटतात, मैदान त्या वेळी मुलांच्या क्रिकेटने व्यापलेलं, आणि अंधार पडला की मुलगी आत. तिच्या वाट्याला दिवसभरात वर्ग ते खोली एवढंच चालणं येतं. मैदानावर दिवे, मुलींसाठी राखीव वेळ आणि सकाळी सहाला उघडणारं फाटक. आवाराच्या आत बॅडमिंटनचं एक जाळं आणि दोरीवरच्या उड्यांसाठी दोऱ्या एवढ्यानेही सुरुवात होते.

खोली करून राहणाऱ्यांचा विचार केल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या, समाजकल्याणच्या स्वाधार योजनेच्या मूळ रचनेत मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले भोजनाचे ३२,००० आहेत. दहा महिने धरले तर दिवसाला १०७ रुपये पडतात. दोन वेळची मेस, नाश्ता, दूध, फळ यात बसत नाही, आणि हप्ता उशिरा आला की पहिला काट मेसच्या पासावर बसतो. मग वडापाव हेच जेवण. ही योजना आपल्या विभागाची नाही याची कल्पना आहे. आपण संबंधित मंत्र्यांशी बोलावं, ही रक्कम महागाईला बांधावी आणि भोजनाचा वाटा दर महिन्याला खात्यात जमा व्हावा.

एक कळकळीची विनंती. यावर उपाय म्हणून निव्वळ जंक फूडबंदीचं परिपत्रक काढू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तसं कळवून झालं आहे. कॅन्टीनमधून समोसा गेला तरी फाटकाबाहेरची गाडी वीस पावलांवर असते. मुलांची जाहीर वजनंही करू नका. सूचनाफलकावर बीएमआयची यादी लागली की काही मुली जेवण सोडतात, आणि तो आजार वजनापेक्षा वाईट. मोजायचंच तर प्रवेशाच्या महिन्यात आणि दुसऱ्या सत्राच्या शेवटी, परिचारिकेने, बंद खोलीत. वजन, हिमोग्लोबिन आणि कंबर. कंबर बेंबीवर किंवा पट्ट्याच्या जागी मोजत नाहीत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजतात. मुलग्यांत ९० आणि मुलींत ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. आकडा फक्त त्या विद्यार्थ्याला द्यायचा. आणि ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं आहे त्यांनाही बोलवायचं, कारण मेस न मानवलेली, पैसे वाचवण्यासाठी एकवेळ जेवणारी मुलं त्यांच्यातच सापडतात.

निविदेच्या नमुन्यातली 'वरण १ वाटी' ही ओळ खोडून 'तूरडाळ, कोरडी, माणशी ३० ग्रॅम' असं लिहायला आणि तेलाच्या डब्याची वही सक्तीची करायला एक शासन निर्णय पुरेसा आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या मेसच्या निविदा निघण्याआधी तो निघावा, ही विनंती.

आपले नम्र,
वसतिगृहांतला आहार आणि शारीरिक शिक्षण या क्षेत्रांत काम करणारे काही जण