रिक्त पदे मोजता, हजर माणसे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: जिल्हा पोलीस दलात इतकी पदे मंजूर, त्यातली इतकी रिक्त. आकडा खोटा नसतो, पण महामार्गावर, किनाऱ्यावर किंवा ठाण्यात प्रत्यक्ष माणूस आहे का, हे त्यावरून कळत नाही. भरलेल्या पदांपैकी किती जण दुसरीकडे संलग्न आहेत, किती प्रशिक्षणाला गेलेत, किती कैदी पार्टीत (आरोपींची ने-आण करणाऱ्या पथकात) आहेत, किती रजेवर, हे मंजूर वजा भरलेली या वजाबाकीत येतच नाही. त्याच्या नोंदी मात्र सगळ्या आहेत. त्या आस्थापना शाखेच्या (नेमणुका, बदल्या, रजा यांचे कागद सांभाळणाऱ्या शाखेच्या) कपाटांत आणि ठाण्याच्या रजिस्टरांत पडून आहेत. त्यांवरून हजर माणसांचा अभ्यास व्हावा, यासाठी हे पत्र.

साधा हिशेब घ्या. ठाणे अंमलदाराची (ठाण्यात बसून तक्रार घेणाऱ्या व डायरी लिहिणाऱ्या पोलिसाची) जागा चोवीस तास चालते. आठ तासांच्या पाळीने वर्षाला 1095 पाळ्या होतात. एका अंमलदाराच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 20 किरकोळ रजा आणि 30 अर्जित रजा वजा केल्या तर 263 दिवस उरतात. म्हणजे एका जागेला चाराहून जास्त माणसे लागतात. ठाणे अंमलदार, लॉकअप गार्ड आणि वायरलेस अशा तीनच जागा धरल्या तरी साडेबारा माणसे तिथेच संपली. बीट, समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी, मुद्देमाल ही कामे अजून सुरूही झालेली नाहीत. प्रत्यक्षात पाळी बारा तासांची होते आणि सुट्टी बुडते. म्हणून कागदावर ठाणे 'भरलेले' दिसते.

अशा अभ्यासासाठी अभिलेख हाती घेणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी की, दर माणशी एक ओळ न लिहिता दर नेमणुकीला एक ओळ लिहावी: कुठे, कोणत्या पदावर, कधीपासून, कधीपर्यंत. तारीख रुजू झाल्याची घ्यावी, बदली आदेशाची नव्हे. मे महिन्यात आदेश निघतो आणि त्याच्या जागी दुसरा माणूस आला नाही म्हणून कार्यमुक्ती दिवाळीपर्यंत रखडते, हे कुठल्याही हेडक्लार्कला विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम 22न प्रमाणे अंमलदाराचा (शिपाई, हवालदार यांचा) एका ठिकाणचा सामान्य कार्यकाळ पाच वर्षांचा, तर उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला दोन वर्षांचा आहे. तो पाळला जातो की नाही हे आदेशांच्या तारखा जोडून पाहिले, तर उत्तर हमखास चुकते.

एकाच माणसाच्या नोंदी जोडायला बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक) वापरू नये. तो जिल्ह्यापुरता असतो. माणूस परजिल्ह्यात गेला की तिथे त्याला नवा नंबर मिळतो आणि जुना इथे दुसऱ्याला दिला जातो. सेवार्थ या शासनाच्या संगणकीय प्रणालीतला क्रमांक टिकतो, पण सेवार्थ पगारासाठी बनलेली आहे. पगार अधीक्षक कार्यालयातून निघतो, त्यामुळे माणूस नेमक्या कोणत्या ठाण्यात राबतो आहे हे पगारपत्रक सांगत नाही. त्यासाठी हजेरीपट, ड्युटी रजिस्टर आणि स्टेशन डायरीतल्या (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतल्या) 'रवाना' व 'परत हजर' या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. किरकोळ रजा सेवापुस्तकात चढत नाही, तिचे रजिस्टर वेगळे. शिवाय 2022 मध्ये पोलीस नाईक हे शिपाई आणि हवालदार यांच्या मधले पद रद्द झाले. त्या वर्षी हवालदार एकदम वाढलेले दिसतात, आणि हवालदार तपासी अंमलदारांत धरले जातात म्हणून दर तपासी अंमलदारामागे किती गुन्हे हा आकडा एकही माणूस न वाढता सुधारतो. त्या वर्षावर रेघ मारून आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे वाचावेत.

सगळ्यांत मोठी चूक मात्र होते ती जिल्हा सोडून गेलेल्यांना मोजताना. कोकणात भरती झालेले घाटावरचे उमेदवार काही वर्षांत आंतरजिल्हा बदली घेऊन परततात, असे सर्रास बोलले जाते. खरे आहे का? ज्येष्ठता सूची काढून पाहिले तर त्यात फक्त टिकलेले भेटतात. जो गेला त्याचे सेवापुस्तकही त्याच्यामागून नव्या जिल्ह्यात गेले. त्याचा माग इथे उरतो तो कार्यमुक्ती आदेशाच्या आणि अंतिम वेतन प्रमाणपत्राच्या स्थळप्रतीत (कार्यालयात ठेवलेल्या प्रतीत). म्हणून सुरुवात आजच्या सूचीपासून नको, भरतीच्या वर्षाच्या निवड यादीपासून करावी, आणि त्या यादीतला प्रत्येक जण तीन, पाच, दहा वर्षांनी कुठे होता ते शोधावे. विनंतीवरून आलेल्याची ज्येष्ठता नव्या जिल्ह्यात तळापासून सुरू होते, त्यामुळे नेमणुकीची तारीख आणि ज्येष्ठतेची तारीख या दोन वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. (आमच्याकडच्या पावसात स्थळप्रतींच्या फायलींना बुरशी धरते. स्कॅनिंग आधी त्यांचे व्हावे, सेवापुस्तकांचे नंतर केले तरी चालेल.)

हे सगळे आत्ता करण्यासारखे आहे, त्याला एक कारण आहे. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली प्रकरणे तिकडे गेली, रायगडची मुंबईकडेच राहिली. जामीन अर्जाच्या सुनावणीसाठी कागदपत्रे घेऊन जाणाऱ्या तपासी अधिकाऱ्याचे किती दिवस वाचले किंवा वाढले, हे स्टेशन डायरीवरून मोजता येईल आणि पडताळ्याला रायगड आहेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने वाढवलेले झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचे काम तिन्ही जिल्ह्यांत सारखेच, त्यामुळे ते तुलनेत फारसे आड येत नाही. आड येतो तो गणपती. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. महिन्याला महिना लावून तुलना केली तर गणपती बंदोबस्तामुळे झालेला फरक कोल्हापूर बेंचच्या खात्यावर चढेल. चतुर्थीच्या आधी-नंतरचे आठवडे जुळवून घ्यावेत.

पगाराच्या नोंदीत न सापडणारी माणसेही आहेत. गृहरक्षक मानधनावर, सत्र न्यायालयातले सरकारी वकील फीवर, आणि सागरी ठाण्यांच्या गस्ती नौकांवरचे तांडेल-खलाशी कंत्राटी असतील तर त्यांची बिले तिसऱ्याच फायलीत. नौका आहे, डिझेल आहे, पण इंजिन चालवणारा नाही, अशी स्थिती पोलिसांच्या रिक्त पदांत कधीच दिसणार नाही. कारागृहाची आस्थापनाही वेगळी. परंतु रत्नागिरीच्या विशेष कारागृहातून आरोपीला खेड किंवा मंडणगडच्या न्यायालयात न्यायचे असेल, तर माणसे पोलीस मुख्यालयाची जातात.

गोपनीयतेचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सेवा अभिलेखातील वैयक्तिक माहिती माहितीच्या अधिकारात सहसा मिळत नाही, मिळूही नये. नावे आणि सेवार्थ क्रमांक काढून त्याजागी सांकेतिक क्रमांक घालावेत, दोन्ही जुळवणारी यादी अधीक्षक कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये. जात, आजाराचे निदान आणि गोपनीय अहवाल यांना हातच लावू नये. तारखेऐवजी महिना द्यावा. एवढे करूनही लहान ठाण्यात माणूस ओळखू येतो. किनाऱ्यावरच्या ठाण्यात महिला उपनिरीक्षक एकच असेल, तर नाव झाकून काय उपयोग? पाचपेक्षा कमी माणसांचा कोणताही आकडा छापू नये, शेजारच्या ठाण्यात मिळवून द्यावा. आणि ही माहिती कोणाच्या खातेनिहाय चौकशीत वापरली जाणार नाही, असे लेखी परिपत्रक आधी निघावे. नाहीतर डायरीत 'परत हजर' सोयीच्या वेळी लागू लागेल.

कोकण परिक्षेत्राने एक जिल्हा निवडून तीन ठाण्यांपासून आरंभ करावा: एक महामार्गावरचे, एक सागरी, एक तालुक्याच्या गावचे. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आमच्या महाविद्यालयांत आहेत. निवृत्त लिपिकांना रजिस्टरांतली अक्षरे लागतात, आणि ते बोलावले तर येतील.

आस्थापना शाखेच्या कामाची व संख्याशास्त्राची माहिती असलेले काही वाचक,
रत्नागिरी